अपडेटवर घातलेला आळ

टीचरांच्या कंप्युटरमधली रेकॉर्डिंग्ज अपडेटनं उडवली नाहीत. मी उडवली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानातल्या भागीदाराला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या टीचरांना तर नाहीच.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मंडळींनी टीचरांच्या नावानं एक पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. मासेमारीच्या जागा ओळखायच्या जुन्या खुणा टीचरांनी म्हाताऱ्या कोळ्यांकडून जमवल्या होत्या, त्या तिच्यात येतील. सुरुवातीला टीचरांवर चार पानं मी लिहायची. "दिनेशभाऊ, ती अपडेटची गोष्ट येऊन दे हां," असं मला दोघातिघांनी बजावलं. ती गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे. मेल्या अपडेटनं टीचरांची तीन वर्षांची मेहनत एका सकाळीत खाल्ली आणि टीचर पदर खोचून त्याच्याशी शेवटपर्यंत भांडल्या. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. पहिला मी रचलेला आहे. पुस्तिकेला हे चालणार नसेल तर छापू नका. पण ती जुनी गोष्ट माझ्या हातून आता पुन्हा लिहून होणार नाही.

टीचर यंत्राशी वर्गातल्या पोराशी बोलावं तशा बोलत. पडदा निळा झाला, मधोमध पांढरी अक्षरं उमटली की भलेभले हात मागे घेतात. माझ्या दुकानात येणारी निम्मी माणसं नुसतं "कायतरी लिहून आलंय" एवढंच सांगतात. काय लिहून आलं ते वाचलेलं नसतं. टीचर चष्मा वर सारत, खुर्ची पुढे ओढत आणि म्हणत, "मला घाबरवू नकोस. कारण सांग." कारण कळलं नाही तर बटण दाबून त्याला बंद करायच्या, शंभर आकडे मोजायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. शंभर म्हणजे शंभर. मध्ये कोणी बोललं तर पहिल्यापासून.

माणिकपूरच्या शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला. मी खाडीकाठच्या गावातला, मिठागरात राबणाऱ्या बापाचा. आमच्या घरात पानी, लोनी, कोन. वर्गातली पोरं हसायची. टीचर स्वतः पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातल्या, त्यांची घरची बोली आणखी निराळी. एकदा त्यांनी मला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, "हा घरी पानी पितो आणि पेपरात पाणी लिहितो. तुमच्यापेक्षा एक जास्तच येतं याला." त्यानंतर पोरं हसायची थांबली असं नाही. मला ते लागेनासं झालं.

आठवीत असताना शाळेचा पृथ्वीगोल माझ्या हातून पडला. आफ्रिका आत गेली. मी तो कपाटात, आफ्रिका मागच्या बाजूला करून, ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी टीचरांनी तो बाहेर काढला आणि विचारलं, "कोणी केलं?" मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "बस. कबूल केलंस, विषय संपला." मुख्याध्यापकांनी माझ्या बापाला बोलवायचं काढलं तेव्हा टीचर ऑफिसात जाऊन भांडल्या. दार उघडंच होतं, आम्ही बाहेरून ऐकत होतो. "पोरानं खरं सांगितलं म्हणून शिक्षा देणार असाल तर उद्यापासून माझ्या वर्गात एकही पोर खरं बोलणार नाही. ते मला परवडणार नाही." गोल तसाच वर्गात राहिला. पुढच्या कित्येक वर्षांतल्या मुलांना आफ्रिका दाखवताना त्या म्हणायच्या, "आणि इथं आमचा दिनेश पडला."

हे मुद्दाम सांगतो आहे. टीचरांना खरं सांगायची भीती वाटली, असं कारण मला देता येऊ नये म्हणून.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कंप्युटर घेतला, माझ्याच दुकानातून. लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ बाबू नाखवा आणि त्या असे दोघंच किनाऱ्याजवळच्या घरात राहत. बाबू नाखव्यानं साठ वर्षं होडी चालवली होती. एकदा जेवताना तो सहज म्हणाला की समुद्रात आपल्या जाळ्याची जागा तो कशी शोधून काढत असे. किल्ल्याच्या बुरुजामागून चर्चचा मनोरा अर्धा दिसेपर्यंत पुढे जायचं, मग तुंगारच्या डोंगरातली खाच एका ठरावीक माडाच्या शेंड्यावर आणायची. दोन्ही रेषा जुळल्या की खाली आपला जाळं बांधायचा खुंट. प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या, आणि त्या घराबाहेर कोणी सांगत नसे. टीचरांचं जेवण तिथंच थांबलं. चाळीस वर्षं भूगोल शिकवला आणि घरातला भूगोल कोणी विचारला नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

मग त्या दारोदार फिरू लागल्या. आधी कोणी सांगेना. "टीचर, खुना मुलाला सांगाच्या असतात, मशीनीला नाय," एका म्हाताऱ्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. टीचरांनी विचारलं, "तुझा मुलगा आहे कुठं?" मुलगा दुबईत होता. म्हाताऱ्यानं त्यांना आत बसवलं आणि बोलायला लागला. असे तीन वर्षांत एकतीस आवाज जमले. सगळ्यात लांब रेकॉर्डिंग बाबू नाखव्याचं, चार दिवस बसून केलेलं. त्यात मध्येच तो जाळं विणत असे, शीळ घालत असे, बहिणीला "तू गप बस जरा" म्हणत असे.

फोनमध्ये रेकॉर्ड करायचं, वायर लावून कंप्युटरवर घ्यायचं, हे त्यांना मी शिकवलं. दाखवताना मी 'डाउनलोड्स' नावाचा फोल्डर उघडला, कारण तो समोरच होता. टीचरांनी सगळे आवाज तिथंच ठेवले. फोन भरला तेव्हा, "आता कंप्युटरवर आहे ना, मग फोनमधून काढून टाका," हेही मीच सांगितलं. पेनड्राइव्हवर एक प्रत करून देतो असं म्हणालो होतो. तेवढं राहून गेलं.

बाबू नाखवा गेला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी टीचरांचा फोन आला, की अपडेट अडकलंय. रोज सकाळी कंप्युटर सुरू केला की अपडेट तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत चढायचं, मग "बदल पूर्ण करता आले नाहीत, मागे घेत आहोत" असं सांगून उतरायचं. चढायला अर्धा तास, उतरायला अर्धा तास. "भरती-ओहोटीला निदान वेळापत्रक असतं," टीचर म्हणाल्या.

मी गेलो. पाहतो तर कंप्युटरमध्ये जागाच उरली नव्हती. साधं दुखणं, दिवसाला असे दोन कंप्युटर माझ्याकडे येत. त्या दिवशी नालासोपाऱ्याला एका क्लासात दहा मशीन बसवायच्या होत्या आणि तिथून फोनवर फोन येत होते. मी साफसफाईचा प्रोग्राम उघडला. काय काय काढून टाकता येईल त्याची यादी आली, प्रत्येक ओळीपुढं एक चौकोन. तात्पुरत्या फायली, आधीच्या अपडेटचा राहिलेला पसारा, कचरापेटी. मी वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकोनांत खूण करत गेलो. त्यात 'डाउनलोड्स' होतं. मी वाचलं नाही. कायमचं काढायचं का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. टीचर आत माझ्यासाठी चहा ठेवत होत्या.

अपडेट सुरळीत बसलं. मी चहा प्यालो, "झालं टीचर" म्हणालो आणि चपला घालत होतो. टीचर खुर्चीवर बसल्या. भावाचं रेकॉर्डिंग त्या रोज थोडं ऐकत असत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"दिनेश, बाबू कुठं आहे?"

मी मागे वळलो. फोल्डर रिकामा. मला त्याच क्षणी कळलं. ती यादी, तो चौकोन, सगळं डोळ्यांपुढं आलं. आणि मी म्हणालो, "अपडेटनं उडवलं, टीचर."

"उडवलं म्हणजे?"

"होतं कधी कधी असं."

"माझ्या घरात येऊन, माझी वस्तू, मला न विचारता?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या पडद्याकडे पाहत होत्या. मी पंचेचाळीस वर्षांचा, माणिकपुरात स्वतःचं दुकान असलेला माणूस. आठवीतल्या पोरानं जे केलं ते मला जमलं नाही. का, याचा मी सात वर्षं विचार केला आहे. त्या रागावल्या नसत्या. "बस, विषय संपला" म्हणाल्या असत्या. तेच मला नको होतं बहुतेक. या घरात मी टीचरांचा हुशार विद्यार्थी म्हणून येत होतो, आणि त्या दिवसानंतर न वाचता खुणा करणारा माणूस म्हणून आलो असतो.

कंप्युटर दुकानात नेला. दोन दिवस नाना प्रोग्राम लावून पाहिले. नावं परत आली. 'बाबू नाखवा एक', 'बाबू नाखवा दोन', सगळी एकतीस माणसं ओळीनं. वाजवून पाहिलं तर नुसती खरखर. मी जी जागा मोकळी केली होती तीच अपडेटनं व्यापली होती. पसरलेल्या नव्या फायलींखाली जुनं काही शिल्लक नव्हतं.

कंप्युटर परत घेऊन गेलो तेव्हा टीचरांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकतीस नावं लिहून ठेवली होती. नऊ नावांपुढं क्रूस काढले होते. मधल्या काळात गेलेली माणसं.

"उरले बावीस," त्या म्हणाल्या. "उद्यापासून सुरू करते."

"टीचर, सगळं पुन्हा?"

"मग काय अपडेटला हार घालू?"

सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघ्याला पट्टा, हातात फोन. पुन्हा त्याच बावीस दारांत. म्हातारे कंटाळले. एकजण म्हणाला, "बाय, तुला सांगलंय ना एकदा?" टीचर म्हणाल्या, "मशीन विसरली. तू विसरलास का?" त्याला ते लागलं, दोन तास बोलला. धक्क्यावर जाळी उपसणारे तरुण त्यांना चिडवायचे, "टीचर, आता जीपीएस हाय, खुना कोन बगतो?" टीचर तिथंच उभ्या राहायच्या. "जीपीएस तुला जागा दाखवतं. तुझ्या आज्यानं तीच जागा का धरली ते दाखवतं का? विचार त्याला. मी थांबते."

अपडेटला मात्र त्यांनी दार बंद केलं. नेटची वायर काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. मेल बघायचं तेवढ्यापुरती लावायची, पुन्हा खिळ्यावर. कोपऱ्यात "अपडेट तयार आहे" अशी पाटी आली की त्या तिला सांगायच्या, "उभी राहा." मी म्हणायचो, "टीचर, कधीतरी करायला लागेल." त्या म्हणायच्या, "चोराला पुन्हा चहाला बोलावू?" दीड वर्ष असं चाललं. गावात गोष्ट पसरली ती याच काळात. चर्चबाहेर, धक्क्यावर, रिक्षा स्टँडवर, टीचरांचं अपडेटशी भांडण सगळ्यांना माहीत झालं. लोक मला थांबवून विचारायचे, "खरंच उडवतं काय हो?" आणि मी गंभीरपणे मान हलवायचो.

त्या खोट्याची पहिली झळ मला नाही, टीचरांनाच बसली. त्यांची धाकटी बहीण कॅनडात असते. रविवारी दुपारी दोघी व्हिडिओवर बोलायच्या. एका रविवारी तो प्रोग्राम उघडेना. जुन्या आवृत्तीवर आता चालणार नाही, आधी अपडेट करा, असं सांगू लागला. टीचरांनी ऐकलं नाही. चार महिने बहिणीचं तोंड पाहिलं नाही, नुसतं फोनवर बोलल्या. मला राहवेना. मी जाऊन म्हणालो, "टीचर, अपडेट वाईट नसतं. करून घेऊ."

"तूच म्हणालास ना, त्यानं उडवलं?"

समोर त्या, मध्ये टेबल, घरात तिसरं कोणी नाही. यापेक्षा चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "तेव्हाचं वेगळं होतं. आता त्यांनी सुधारलंय."

म्हणजे एकदा नाही, दोनदा.

"बरं," टीचर म्हणाल्या. "येऊ दे. पण यावेळी मी समोर बसणार. आणि तू हात लावायचा नाहीस, तू भिडस्त आहेस. मी त्याला विचारीन."

त्यांनी आधी बावीसही आवाज दोन पेनड्राइव्हवर घेतले. एक कपाटात, एक चर्चच्या फादरांकडे ठेवायला दिला. मग वायर लावली, खुर्ची घेतली आणि शाळेची जुनी हजेरीची वही उघडली. दीड वर्ष कोंडलेलं अपडेट काही नीट येणार नव्हतंच. अर्ध्यावर थांबलं आणि एक लांबलचक कोड आला, शून्य, एक्स, आठ, पुढे आकड्यांची माळ. मी सवयीनं पुढे वाकलो. त्यांनी हात आडवा धरला. "हा हजेरी नंबर आहे. नंबर कळला की पोराचं घर सापडतं." तो कोड त्यांनी वहीत उतरवला, फोनवर शोधला, वाचला. चार दिवस त्या शिकत होत्या. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का बघायचं. जागा आहे का बघायचं. अपडेट आणणारी सेवा थांबवायची, तिनं अर्धवट उतरवून ठेवलेल्या फायलींचा फोल्डर रिकामा करायचा, सेवा पुन्हा सुरू करायची. मूळ फायली तपासणारी आज्ञा काळ्या खिडकीत टाइप करायची आणि तिचं काम होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी अपडेट शंभर टक्के झालं. टीचरांनी वहीत त्या कोडपुढं लिहिलं: 'हजर'.

बहिणीला फोन लावल्यावर पहिलं वाक्य, "तू जाड झालीस गं."

त्यानंतर त्यांच्या ओट्यावर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर लॅपटॉप घेऊन माणसं बसायला लागली. पाचूबंदरचीच नाही, निर्मळहून एक फुलवाला स्कूटरवर त्याचा कंप्युटर गोणपाटात गुंडाळून घेऊन येई. खरं तर ते माझं गिऱ्हाईक. मला वाईट वाटायचं नाही. टीचर काम सुरू करायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या: "यात तुझं असं काय आहे, जे दुसरीकडं कुठंच नाही?" माणूस गोंधळायचा. मग आठवायचा. मुलीचे बाप्तिस्म्याचे फोटो. वारसाचे कागद. गेलेल्या बायकोचा एक व्हिडिओ. "ते आधी बाहेर काढ. मग मी हात लावते." मी तिथं उभा राहून ते ऐकायचो. तेवीस वर्षं हा धंदा करून मला तो प्रश्न सुचला नव्हता.

एकदा मशीनचा पंखाच गेला आणि माझ्याकडे तो भाग नव्हता, म्हणून आम्ही एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसानं कंप्युटर नीट उघडलाही नाही. "जुना आहे, मावशी. अपडेटचे एरर पण दिसतायत. फॉरमॅट मारावा लागेल, सगळं जाईल."

"पंखा बदलायला सगळं कशाला जाईल?"

"पॉलिसी आहे."

"तुला येत नाही असं म्हण. त्यात लाज नाही. पण फॉरमॅट कर असं म्हणू नकोस," टीचर म्हणाल्या, आणि सगळं काउंटर ऐकेल अशा आवाजात, "कोणाकोणाला यांनी फॉरमॅट सांगितलंय? माझ्याबरोबर चला." तिघं खरंच आमच्या मागून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू होतास म्हणून हिंमत झाली." मी बाहेर बघत होतो.

पण सगळ्यात कठीण गेला तो त्यांच्या पंचाहत्तरीचा दिवस. ओट्यावर वीस-पंचवीस माणसं होती, बोंबलाची भजी होती, कोणीतरी गोष्ट काढली. टीचरांनी मला ओढून पुढे उभं केलं. "अपडेटनं माझं घर लुटलं तेव्हा हा दोन दिवस झोपला नव्हता. शोधत बसला होता. याला म्हणतात विद्यार्थी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिचा नवरा त्या नऊ जणांतला. मी भजी खाल्ली.

गेल्या दिवाळीच्या सुमारास टीचरांच्या पडद्यावर नवा निरोप आला. या आवृत्तीला यापुढं अपडेट मिळणार नाहीत, आणि नवी आवृत्ती या कंप्युटरला चालणार नाही. कॅनडाहून बहिणीनं लगेच नवा लॅपटॉप पाठवते म्हणून सांगितलं. टीचरांनी निरोप पुन्हा वाचला. "त्यांचा पाठिंबा संपला. माझा नाही." वायर काढून त्यांनी मला दिली, कायमची. आवाज लिहून काढायचं काम राहिलं होतं, ते त्या त्याच मशीनवर करत राहिल्या. डॉक्टरांनी बसायला मनाई केली तर निजून कीबोर्ड पोटावर घेतला. बाविसावा माणूस लिहून झाला तेव्हा त्यांनी मला बोलावून छापील कागद हातात दिले आणि म्हणाल्या, "बघ, कोण जिंकलं."

ईस्टरनंतर त्यांना हॉस्पिटलात हलवलं. मी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. त्या जाग्या होत्या. मला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "दिनेश, बाबूचे शब्द मला सगळे पाठ आहेत. बुरूज, मनोरा, खाच, माड. पण आवाज येत नाही रे आता. किती प्रयत्न करते."

मी जुळवलेलं पहिलं वाक्य माझ्या तोंडात होतं.

"विश्रांती घ्या टीचर," मी म्हणालो.

"विश्रांती काय घ्यायची. आज नाही आला तर उद्या येईल. मी सोडणार नाही." चार दिवसांनी त्या गेल्या.

मयताला कोळी, शाळेतले जुने विद्यार्थी, लॅपटॉपवाले, सगळे आले होते. कबरीवर माती टाकताना मागून कोणीतरी म्हणालं, "टीचर त्या अपडेटला पुरून उरल्या." लोक रडता रडता हसले. तेव्हाच ठरवलं की आता हे चालवून घ्यायचं नाही.

कोणी म्हणेल, तुझ्या त्या खोट्यामुळेच टीचर पेटून उठल्या, शिकल्या, एवढ्या लोकांच्या उपयोगी पडल्या. एका मित्राला मी हे नाव न घेता, दुसऱ्याची गोष्ट म्हणून सांगून पाहिलं, तर तोही हेच म्हणाला. मला हे कबूल नाही. टीचर त्याआधीही तशाच होत्या. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात मी त्यांना ऐकलं आहे. माझ्या खोट्यानं त्यांना एवढंच दिलं की ज्यानं काही केलं नव्हतं त्याच्यावर त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं दात धरला, आणि ज्यानं केलं होतं त्याला भजी वाढली. अपडेटची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण त्या सकाळी त्यानं काही केलं नव्हतं, हे या पुस्तिकेत छापलं जावं, आणि माझं नाव त्यापुढं यावं. ज्यांना माझ्या दुकानात यायचं नसेल त्यांनी येऊ नये. मी आता गिऱ्हाइकाला टीचरांचा प्रश्न विचारतो, त्यांच्याच शब्दांत, आणि तो कोणाचा ते सांगतो. त्यानं काही फिटतं असं मला वाटत नाही.

टीचरांना जे सांगायचं होतं ते आता पोचणार नाही. उरली त्या क्रूसवाल्या नऊ जणांची घरं. बाबू नाखव्याचं आता बंद आहे, किल्ली एका चुलत पुतण्याकडे असते. बाकीच्या आठ घरांत माणसं नांदतात, आणि तुमच्या आज्याचा, बापाचा, नवऱ्याचा आवाज अपडेटनं खाल्ला असंच ती समजून आहेत. त्या प्रत्येक घरी जाऊन, तो मी पुसला, असं तोंडानं सांगणं मी देणं लागतो. अजून एकाही घरी गेलेलो नाही.